वाडा गेला, बारव राहिली

चिखलीच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट पाहत उभं राहायचं, हा आमच्या घरातला वंशपरंपरागत उद्योग. आजोबा म्हणायचे, जालना-खामगाव रेल्वे झाली की ही कटकट मिटेल. आजोबा गेले, वडील थकले, रेल्वे कागदावरच आहे आणि मी त्याच स्टँडवर उभा आहे. सिंदखेडराजाला मावशीकडे जायचं तर आमचा रस्ता ठरलेला. आधी देऊळगाव मही, मग देऊळगाव राजा, आणि तिथं उतरून मिळेल त्या काळीपिवळीत कोंबून घ्यायचं.

या पट्ट्यात गावांच्या मागं ‘राजा’ लागतो. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहुणा राजा, किनगाव राजा, आडगाव राजा. बाहेरचा माणूस विचारतो, एवढे राजे आले कुठून? राजे सगळे एकाच घरातले. देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारं जाधवरावांचं घराणं सिंदखेडची देशमुखी सांभाळून होतं. घर वाढलं, वाटण्या झाल्या, गावोगाव एकेक शाखा जाऊन बसली. मेहुणा राजा हे संत चोखोबांचंही जन्मगाव मानतात, म्हणून खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात. राजांच्या नावानं गावं आणि चोखोबांच्या नावानं पाणी, ही वाटणी मला बरी वाटते.

सिंदखेडराजाचा राजवाडा शोधावा लागत नाही. नागपूर-मुंबई हा जुना हमरस्ता गावातून जातो आणि लखुजीराव जाधवांच्या वाड्याचं महाद्वार त्या रस्त्यावरच उभं आहे. इथं १२ जानेवारी १५९८ रोजी, पौष पौर्णिमेला, जिजाऊंचा जन्म झाला असं मानतात. दरवर्षी १२ जानेवारीला गावात पाय ठेवायला जागा नसते. म्हाळसामहालात, म्हणजे जिजाऊंच्या आईच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जन्मस्थानी, पहाटेपासून पूजा आणि रांग. बाहेर भगवे झेंडे, पुस्तकांची दुकानं, शाहिरांचे आवाज. एरवीचे ३६४ दिवस मात्र गाडी महाद्वारापाशी थांबते, माणसं उतरतात, दाराखाली उभं राहून फोटो काढतात, आत जाऊन नमस्कार करतात आणि मेहकरच्या नाहीतर जालन्याच्या दिशेनं निघून जातात. आता पलीकडून समृद्धी महामार्ग गेलाय, त्यामुळे न थांबताच जाणारेही वाढले.

मावशीला याचा भारी राग. पन्नास वर्षं ती या गावात नांदली. आमच्याकडून कुणी पाहुणे आले आणि तासाभरात परतले की ती म्हणायची, “नुसतं दार पाहून चालले म्हना की.” तिचं म्हणणं कळायला मला फार वेळ लागला.

महाद्वार ओलांडून आत गेलं की नजर सवयीनं वर जाते आणि वर आभाळच असतं. वाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतात ते सागवानी खांब, कडीपाट, चौकाभोवतीची ओसरी, देवळ्यांतले दिवे. इथं त्यांतलं फारसं काही नाही. आहेत ती दगडी जोती, भिंतींचे बुंधे, पायऱ्या, तळघराची तोंडं. जन्मस्थानी बाळ शिवबासह जिजाऊंचा पुतळा आहे. जोत्यांवरून चालत गेलं की अंदाज बांधता येतो : इथं चौक असेल, इथून वर जिना गेला असेल, या भिंतीपलीकडं मुदपाकखाना असेल. माझा हा अंदाज दर खेपेला बदलतो.

वाडे असे नाहीसे का होतात, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गावोगावच्या गढ्या आपण विरघळताना पाहिल्यात. खाली दगड, वर विटा नाहीतर पांढऱ्या मातीच्या भिंती, आणि माथ्यावर लाकडाच्या कड्यांवर माती चोपून केलेलं धाबं. घरात माणसं आहेत, दर पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती पडते, तोवर हा सगळा डोलारा शेकडो वर्षं टिकतो. माणसं गेली की पहिल्यांदा धाब्यावर गवत उगवतं. मग एखादी कडी कुजते. मग कुणीतरी लाकूड विकतं, कारण सागाला कायम गिऱ्हाईक असतं. विटा शेजारच्या घरांत जातात. उरलेली पांढरी माती शेतकरी गाड्यांनी भरून नेतात. जुन्या वस्तीची माती पिकाला खतासारखी लागते हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक. कितीतरी गढ्या अशा ज्वारीच्या कणसांत गेल्या. शेवटी राहतो तो घडीव दगड, न हलण्याइतका जड म्हणून. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला तरी दिल्ली दरवाजा आणि जोती उरली, त्याचंही कारण तेच. सिंदखेडला आग लागायची गरज पडली नाही.

वाड्याला लागून बाग आहे. हिरवळ, फुलझाडं, बसायला बाकडी. ही नगरपालिकेची बाग, अलीकडची. पोरंसोरं तिथं खेळतात, मावशीच्या भाषेत ‘हवा खायला’ बायका संध्याकाळी येतात. बरीच वर्षं मी हीच वाड्याची बाग धरून चाललो होतो. सरदाराच्या घराची खरी ऐट कुठं होती ते बघायचं तर वाड्याकडं पाठ करून चालू लागायला हवं, हे मला मावशीनं शिकवलं, आणि तेही तिचं पाणी भरायला सोबत गेलो म्हणून.

नीळकंठेश्वराच्या देवळासमोर एक बारव आहे. चौकोनी, चहूबाजूंनी तळापर्यंत पायऱ्या. देऊळ जुनं; लखुजीरावांनी त्याचा जीर्णोद्धार केल्याचा शिलालेख तिथल्या दगडावर आहे. रामेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळही गावात आहे, पण माझा जीव या बारवेत. मावशीला नळ आला, टँकरही आले आणि गेले, तरी तिची एक खोड सुटली नाही. बारवेच्या काठावर उभी राहून ती उघड्या पायऱ्या मोजायची. बोटं न वापरता, फक्त ओठ हलवत. दिवाळीत एवढ्या उघड्या म्हणजे होळीला तेवढ्या, म्हणजे यंदा उन्हाळा कसा जाईल, हे तिचं पंचांग. ते फारसं चुकत नसे.

बारवेत उतरताना पहिल्या काही पायऱ्या साध्या वाटतात. खाली गेलं की गारवा अंगावर येतो, आवाज बदलतो, रस्त्यावरच्या ट्रकचा भोंगा लांबून आल्यासारखा वाटतो. पायरीच्या कडा मधोमध खोलगट झालेल्या. त्या खळग्यात पाय आपोआप पडतो, कारण तो पायांनीच पाडलाय. घागर टेकवून टेकवून दगडाला पडलेल्या वाट्या दिसतात. राजवाड्यात राजे वावरले, हे मान्य. पण राजवाड्यातला एकही दगड वापरानं एवढा झिजलेला मी पाहिलेला नाही.

गावात आणखी बारवा आहेत. सजना बारव आहे, आणि पुतळा बारव आहे. पुतळा बारवेत बांधकामातच मूर्ती आणि शिल्पं बसवलीत, नाव त्यावरूनच. पाणी काढायच्या जागेवर एवढा छिन्नीचा खर्च कशाला, असा प्रश्न व्यवहारी माणसाला पडेल. माझं उत्तर असं, की पाणवठा ही गावातली एकच जागा, जिथं सरदाराच्या घरची दासी आणि कुणब्याची सून दोघी रोज येणार. दिवाणखान्यातली नक्षी पाहुण्यांनी पाहायची. ही नक्षी रोज गावानं पाहायची.

मग मोती तलाव. गावालगतच्या या तलावाचा बांध बघून प्रथम चुकायला होतं, कारण तो बांधासारखा दिसतच नाही. समोरची बाजू किल्ल्याच्या तटासारखी बांधलीय. तलावाला तटबंदी! शत्रूची भीती पाण्याला नव्हती. पण पाण्याच्या मालकाला आपली सत्ता दाखवायची होती, आणि तट ही त्या काळची सगळ्यांना कळणारी भाषा होती. दिखाऊपणा बाजूला ठेवला तरी काम चोख. आपला खडक काळा बेसॉल्ट. त्याच्या पोटात पाणी मावत नाही, मावतं ते भेगांत आणि वरच्या मुरमात. पावसाळ्यात ओढ्यांतून धावणारं पाणी बांधानं अडवलं की ते थांबतं, मुरतं, आणि बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर लागतो. त्या विहिरींवर मोट चालते, थारोळ्यात पाणी पडतं, पाटानं वाफ्यात जातं. तलावाचं पाणी डोळ्यांना दिसतं तेवढंच नसतं. खालच्या रानातली केळ, पेरू आणि मिरची हासुद्धा त्याच तलावाचा भाग. आमच्या मुलखात बाग लावायची तर झाडापासून सुरुवात करून भागत नाही.

मोती तलाव म्हटलं की मराठी माणसाला सावंतवाडी आठवते. तिथंही तलाव, काठावर भोसल्यांचा राजवाडा, आणि वाड्यात आजही लाखकामाच्या गंजिफा रंगवल्या जातात. पण कोकणात आभाळच फाटतं. तिथला तलाव म्हणजे राजवाड्याचा आरसा. सिंदखेडचा तलाव म्हणजे राजवाड्याची तिजोरी. नाव एक, बाकी सगळं वेगळं.

आणि मग ऐषारामाची जागा. चांदणी तलावाच्या मध्यभागी तीन मजली इमारत आहे. पाणी चढलं की खालचा भाग बुडतो, वरचा तरंगल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की तीच इमारत चिखलात उभ्या राहिलेल्या म्हशीसारखी केविलवाणी दिसते, हेही सांगून टाकतो, नाहीतर कुणी मे महिन्यात जाऊन मला शिव्या द्यायचं. तलावाच्या पोटात महाल बांधायची ही आवड सिंदखेडच्या मातीतली नव्हे. ती निजामशाहीच्या दरबारातून आली असावी, असा माझा तर्क आहे. लखुजीराव निजामशाहीचे मातब्बर सरदार. अहमदनगरजवळ भिंगारच्या बाजूला फराहबाग अजून उभी आहे. १५८३ मध्ये ती पुरी झाली. भल्याथोरल्या हौदाच्या मधोमध अष्टकोनी महाल, आणि त्या हौदात पाणी आणलेलं डोंगराच्या पायथ्यापासून, जमिनीखालच्या भाजक्या खापरी नळांनी. त्याआधी त्याच शहरात हश्त बेहश्त बाग झाली होती, तिथंही महाल पाण्यातच. पुढं लखुजीरावांचाच समकालीन मलिक अंबर, त्यानं खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरी खेळवली. त्या दरबारात मोठा माणूस म्हणजे पाणी लांबून आणून आपल्या दारात नाचवणारा माणूस. तलवारीची मिजास सगळेच करत, पाण्याची करायला अक्कल आणि पैसा दोन्ही लागत. पुढच्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, तेव्हाही हाच कित्ता चालू होता.

गावातल्या रंगमहालाबद्दल थोडक्यात. इथं रंगपंचमीला मालोजी भोसले आपल्या मुलाला, शहाजीला, घेऊन आले होते. लहानगे शहाजी आणि जिजाऊ एकमेकांवर रंग टाकू लागले. लखुजीराव गंमतीनं म्हणाले की जोडा शोभतो. आणि मालोजींनी तिथल्या तिथं उठून सभेला साक्षी ठेवून सोयरीक जाहीर केली, अशी कथा बखरींत आहे. बखरी पुष्कळ उशिराच्या, त्यामुळे इतिहासकार या कथेकडं साशंकपणेच पाहतात. मला ती खरी असण्यापेक्षा गावानं ती जपली याचंच जास्त वाटतं. रंगपंचमीला मावशी आम्हाला ही गोष्ट सांगायची तेव्हा लखुजीरावांचा चेहरा कसा पडला ते स्वतः करून दाखवायची.

पुढं जे झालं ते मात्र गंमतीचं नव्हतं. १६२१ च्या सुमारास लखुजीराव मोगलांकडं गेले. साऱ्या जाधव कुटुंबाला मिळून २४ हजार जात आणि १५ हजार स्वारांची मनसब मिळाली. दक्षिणेत कुणाच्या पारड्यात वजन पडलंय हे त्या आकड्यावरून कळतं. नंतर ते निजामशाहीत परतले, आणि दरबारानं त्यांना माफ केलं नाही. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेच्या किल्ल्यात, भर दरबारात, लखुजीराव, अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव यांना कापून काढलं. एका दिवशी एका घरातली चार माणसं. जिजाऊ त्यावेळी गरोदर होत्या. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला १९ फेब्रुवारी १६३० ला, म्हणजे माहेर असं उजाड झाल्यावर सातव्या महिन्यात. जन्मस्थानी मुजरा करणाऱ्या गर्दीत मी हा हिशेब करत उभा असतो.

लखुजीरावांची समाधी गावातच आहे, आणि तिच्यापुढं वाडा खरोखर लहान वाटतो. खाली दगडी बांधणी, वर प्रचंड घुमट. देशातली सर्वांत मोठी हिंदू समाधी, असं इथं अभिमानानं सांगतात. समाधी ही हिंदू सरदाराची आणि तिचा घाट दख्खनच्या सुलतानी मकबऱ्यांचा. ज्या दरबारानं जीव घेतला त्याच दरबाराची वास्तुकला त्याच्या स्मारकाला यावी, यात मला विसंगती दिसत नाही. ती माणसं त्याच जगात वाढली होती, गवंडीही तिथलेच.

या समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं काम चालू असताना आधी एका शिवमंदिराचे अवशेष लागले. मग जून महिन्यात सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. १.७० मीटर लांब, एक मीटर उंच, पायाशी लक्ष्मी, आणि पट्टीवर समुद्रमंथन. दगड आपला काळा बेसॉल्ट नव्हे, मऊ क्लोराइट शिस्ट, ज्यात छिन्नी लोण्यासारखी चालते आणि दागिन्याची घुंगरंसुद्धा सुटी कोरता येतात. हा दगड दक्षिणेकडच्या मूर्तिकारांच्या आवडीचा. म्हणजे जाधवरावांनी वाडा बांधला तेव्हाही ही जागा कोरी नव्हती. त्या दिवसांत मावशीचा फोन आला होता. “देव निंगला,” एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवला. सगळं गाव खड्ड्याच्या काठावर जमलं होतं म्हणे.

पुढची पिढी सिंदखेडात राहिली, बांधत राहिली. जगदेवरावांच्या काळात काळाकोट उभा राहिला. त्याच्या भिंती २० फूट रुंद. साकरवाड्याचा परकोट ४० फूट उंच, आत विहिरी, तळघरं, भिंतीच्या पोटातून फिरायचा रस्ता. आता दार सोडून तट बांधायची पाळी आली होती, त्यावरून दिवस कसे बदलले ते ओळखावं. घराण्याची एक शाखा स्वराज्यात गेली. अचलोजींच्या वंशातले धनाजी जाधव मराठ्यांचे सेनापती झाले. सिंदखेडकर मात्र आधी मोगलांच्या आणि मग हैदराबादच्या निजामाच्या चाकरीत. डिसेंबर १७५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे यांच्या फौजेनं निजामाच्या बाजूच्या रामचंद्र जाधवांना सिंदखेडातच कोंडलं, आणि तहात निजामानं २५ लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग दिला. जिजाऊंच्या माहेराला वेढा, आणि तो मराठ्यांचा! १८०४ साली इंग्रज सेनानी वेलस्ली इथून गेला तेव्हा दुष्काळानं माणसं शेकड्यांनी मरत होती आणि गाव चोरांचा अड्डा झालं होतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. शेवटचे जहागीरदार बाजीराव. त्यांच्या निशाणाखाली अरब शिपाई लढले म्हणून १८५१ मध्ये जहागीर गेली, आणि १८५६ मध्ये ते कैदेतच वारले. त्यानंतर वाड्याच्या धाब्यावर माती कोण टाकणार होतं?

देऊळगाव राजाला घराण्याची एक खूण अजून नांदती आहे. जाधवरावांचं बालाजीचं देऊळ, आणि अश्विनातली त्याची यात्रा. सागाच्या उंच लाठा उभ्या करून दोरखंडांनी मंडप बांधतात, शेकडो हात एकदम दोर ओढतात, लाठा चढतात आणि माणसं ओरडतात. चिखलीची निम्मी माणसं त्या दिवशी तिथं असतात. यंदा यात्रा आटोपून मी तसाच पुढं सिंदखेडराजाला गेलो. मावशी आता काठीवर चालते. दुपार टळल्यावर म्हणाली, “चाल, बारवेवर जाऊन येऊ.”

काठावर आम्ही उभे राहिलो. पाऊस बरा झाला होता, पाणी वर होतं. एक कावळा पायरीवर बसून पाण्यात चोच घालत होता. मावशीचे ओठ हलले, मग थांबले, पुन्हा पहिल्यापासून हलले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, खालच्या पायऱ्या आता तिला दिसत नाहीत. “तू मोज,” ती म्हणाली. मी मोजल्या, आकडा सांगितला. तिनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, “शेवटची एक पान्याखाली हाय, तुले नाई दिसली. नीट मोज.”